गेज बदलताना

मिरज जंक्शनवर एके काळी तिन्ही गेजच्या गाड्या यायच्या. 1971 मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, तरी पंढरपूरकडून येणारी अडीच फुटी बार्शी लाइट पुढे जवळजवळ चाळीस वर्षं धावत राहिली. या रुळावरचं पोतं त्या रुळावर न्यायचं, तर मध्ये हमाल लागायचे.

आपल्या धंद्यातलं सर्वांत गाजलेलं गेज-परिवर्तन म्हणजे पायथन 3. डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या या आवृत्तीनं जुना कोड जाणूनबुजून मोडला. त्यामागचं कारण मराठी माणसाला तरी पटावं. पायथन 2 मध्ये यूटीएफ-8 फाइलमधल्या ‘मिरज’ या साध्या स्ट्रिंगची लांबी विचारली की उत्तर यायचं 12, कारण मोजले जायचे बाइट. पायथन 3 सांगतो 4. (शाळेतलं पोर 3 म्हणेल, पण वेलांटीचं ते भांडण युनिकोडशी आहे.) देवनागरीत काम करणाऱ्यानं या बदलाला नावं ठेवू नयेत.

चुकला तो हमालांचा हिशोब. ‘2टू3’ हे रूपांतराचं साधन चालवलं की कोड पलीकडे, अशी कल्पना होती. पण लायब्ररी लिहिणाऱ्यांची गिऱ्हाइकं दोन्ही फलाटांवर उभी होती. त्यांना एकच कोड दोन्हीकडे चालवायचा होता. मग ‘सिक्स’सारखी मधली लायब्ररी आली, आणि 2012 मध्ये 3.3 नं स्ट्रिंगआधीचं, एकदा हद्दपार केलेलं ‘यू’ परत घेतलं. भाषेचं रूप त्यानं खुललं नाही, पण माल हलू लागला. 2.7 ची मुदतही 2015 वरून 2020 वर न्यावी लागली.

रस्टची एडिशनची पद्धत मला अधिक शहाणी वाटते: 2015 ची क्रेट आणि 2021 ची क्रेट एकाच प्रोग्रॅममध्ये सुखानं नांदतात. अर्थात, तिथले बदल वरवरचे ठेवलेले असतात म्हणून. स्ट्रिंग म्हणजे काय, हेच बदलायचं असतं तर तीही सोय पुरी पडली नसती.

मागे राहिलेल्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. एखाद्या पतसंस्थेत फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम अजून चालतो, तो लिहिणारा केव्हाच गाव सोडून गेलेला असतो, आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट तर जानेवारी 2015 मध्येच संपला. त्यांच्याकडे जाल तेव्हा नव्या भाषेचं कौतुक नंतर सांगा. आधी डेटा बघा: फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल आजही लिब्रेऑफिसमध्ये उघडते. सभासदांची नावं जुन्या मराठी फॉन्टच्या कोडात असतील, तर ती युनिकोडमध्ये आणणारा तक्ता आधी तयार करा, आणि दहा-वीस नावं तिथल्या कारकुनाकडून वाचून घ्या. प्रोग्रॅमला हात त्यानंतर.