एका दिवसात न उरकण्याचा रस्ता

मेलबर्नहून सकाळी निघून रात्री परतणाऱ्या बसमधून ‘ग्रेट ओशन रोड’ पाहणे, हा त्या रस्त्यावर अन्यायच होय. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात दिवंगत सोबत्यांचे स्मारक म्हणून तो कुदळ-फावड्यांनी खोदून काढला. कॅरव्हॅनचे भाडे, इंधन व तळाचे शुल्क मिळून खर्च स्वस्त पडेलच असे नाही. तरीही चार दिवस द्यावेत. पोर्ट कॅम्पबेलला मुक्काम करणाऱ्यालाच ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’चे चुनखडीचे सुळके पहाटे निवांत भेटतात. नावापुरतेच ते बारा! त्यांतील एक तर जुलै २००५ मध्ये लाटांनी पोखरून कोसळला. डिसेंबर-जानेवारीत तेथील शाळांना सुट्ट्या असतात. तळावरील जागा आधीच राखून ठेवणे इष्ट.