गार्डाविना गाडी, गुरुजींविना वर्ग

सुट्टी संपली की म्हैसूरसह कर्नाटकातल्या सरकारी शाळांत रिकाम्या पदांवर अतिथी शिक्षक नेमले जातात. वर्ष सरले की त्यांची नोकरीही सरते. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या नकोत. ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेतही २ शिक्षक हवेत. काम बारमाही, माणूस हंगामी, ही रीत आम्हा रेल्वे कामगारांना नवी नाही. चालकाविना गाडी सोडत नाहीत, मग शिक्षकाविना वर्ग का भरवता? त्या बाकांवर आमच्याच हमाल, सफाई कामगार बांधवांची मुले बसतात. म्हणून शाळा उघडण्यापूर्वी कायम नेमणुका करा, ही शिक्षकांची मागणी आमचीही आहे.