औषधालाही डॉक्टर नाहीं

घरांतील मुलगा किंवा मुलगी वैद्यकीची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे पेढे वांटले जातात, देवापुढें नारळ फुटतो, आणि मग ‘आतां पुढें काय?’ हा प्रश्न निघतो. पुढें म्हणजे वरची पदवी. पुढें म्हणजे पुणें, मुंबई, नाहीं तर समुद्रापलीकडचा देश. या प्रश्नाला ‘वडीगोद्री’ असें उत्तर देणारा मुलगा मीं अद्याप पाहिला नाहीं. तसें कोणी म्हणालेंच, तर वडील मंडळी प्रथम तें गांव कोठें आहे तें विचारतील, आणि पुढें आठ दिवस जेवणाच्या पंगतींत दुसरा विषय निघणार नाहीं.

तें गांव जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत आहे; समर्थांचें जांब ज्या जिल्ह्यांत, त्याच जिल्ह्यांत. धुळें-सोलापूर राष्ट्रीय महामार्गाला जालन्याकडून येणारा रस्ता येथें मिळतो. गोदावरी फार दूर नाहीं. महामार्गावर रात्रंदिवस मालमोटारी धांवतात. अशा ठिकाणीं बाळंतपण अडलें, साप चावला किंवा मोटारीची टक्कर झाली, म्हणजे हाताशीं डॉक्टर आहे कीं नाहीं यावर माणसाचें जगणें-मरणें ठरतें.

सरकारी हिशेब असा कीं, सपाट प्रदेशांत ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावें, आणि सुमारें १,२०,००० वस्तीस एक मोठें ग्रामीण रुग्णालय. तेथें शस्त्रवैद्य, प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन हे चौघेही असले पाहिजेत. केंद्र सरकारनें २०२१-२२ सालचे जे आंकडे प्रसिद्ध केले, त्यांत देशभरच्या अशा रुग्णालयांतून या तज्ज्ञांची उणीव गरजेच्या जवळजवळ ८० टक्के होती. इमारत आहे, खाटा आहेत, दारावर पाटी आहे; आंत जाऊन पाहावें तर औषधालाही डॉक्टर नाहीं!

यावर आजवरचा मुख्य उपाय सक्तीचा. महाराष्ट्रांत सरकारी महाविद्यालयांत शिकलेल्या एम्. बी. बी. एस्. पदवीधरानें एक वर्ष सरकारी सेवा करावी, असें बंधपत्र लिहून घेतात. समाजाच्या पैशानें शिकलेल्यानें समाजाचें कांहीं देणें फेडावें, यांत मला अन्याय दिसत नाहीं. परंतु वर्षभराकरितां आलेला डॉक्टर हा पाहुणा असतो. त्याचें अर्धें लक्ष पुढच्या प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांत, आणि गांवाला त्याची ओळख होते न होते तों त्याचें सामान बांधून तयार.

दुसरा उपाय नव्या महाविद्यालयांचा. मराठवाड्यांतील पहिलें वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेस १९५६ सालीं निघालें. जालन्यास मात्र तें २०२४ सालीं, १०० विद्यार्थ्यांच्या जागांसह, मिळालें. आनंदाची गोष्ट आहे. तथापि डॉक्टर घडविणें निराळें आणि तो टिकविणें निराळें. मुंबईस इतकीं वर्षें महाविद्यालयें आहेत. तेवढ्यानें शेजारच्या पालघर-मोखाड्याचे प्रश्न सुटले नाहींत.

मग डॉक्टर जातो कां? ‘पैशासाठीं’ हें उत्तर आपण फार लवकर देतों. पैसा हें कारण नाहींच असें नाहीं. पण सव्वीस वर्षांचा एक मुलगा डोळ्यांपुढें आणा. केंद्रांत जागा दोन, त्यांतील एक रिकामी. रात्रीं दोन वाजतां बाळंतीण आणलेली, रक्तस्राव थांबत नाहीं. भूलतज्ज्ञ नाहीं, रक्त नाहीं, विचारावें असें वडीलधारें माणूस नाहीं. बाहेर नातेवाईकांचा जमाव चढ्या आवाजांत बोलतो आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यानें २०१० सालीं कायदा केला. पण त्या घटकेला कायदा काय धांवून येणार! पहांटे खोलीवर यावें तर छत गळतें. लग्न झालेलें असेल तर पत्नीही शिकलेली. तिच्या शिक्षणास त्या गांवांत काम नाहीं, आणि चार वर्षांनीं मुलाच्या शाळेचा प्रश्न आहेच. हा मुलगा लोभानें पळत नाहीं. तो एकटेपणानें पळतो, आणि आपल्या हातून कोणी मरेल या भीतीनें पळतो.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें समजावयास अवघड जाऊं नये. नवी सून घरांत रुळते ती दागिन्यांमुळें नव्हे. शेजारीं बसून ‘हें असें कर’ म्हणणारी, चुकलें तर झांकून घेणारी एखादी जाऊ असते, आणि माहेरीं जाण्याची पाळी ठरलेली असते, म्हणून ती रुळते. (सर्वच घरीं असें घडतें असा माझा दावा नाहीं, वाचकभगिनी काय म्हणतील तें मी जाणतों.)

मराठवाड्यानेंच याचा धडा घालून दिला आहे. लातूर हें तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. तेथें १९६६ सालीं डॉ. अशोक कुकडे, डॉ. ज्योत्स्ना कुकडे आणि त्यांचे सहकारी डॉक्टर यांनीं विवेकानंद रुग्णालय काढलें. ध्येयवाद होताच, डॉ. कुकडे यांस २०१९ सालीं पद्मभूषण मिळालें तेव्हां सर्वांनीं त्याचेंच कौतुक केलें. मला मात्र दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: तीं मंडळी एकटीं गेलीं नाहींत, जमावानें गेलीं. एक शस्त्रक्रिया करीत असतां दुसरा बाहेरचे रोगी पाहूं शकतो, आणि निर्णय चुकला कीं काय असें वाटल्यास विचारावयास कोणी असतें. औरंगाबादेचें हेडगेवार रुग्णालय १९८९ सालीं निघालें तेंही तरुण डॉक्टरांच्या एका गटाकडून. जामखेडचे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे १९७० सालीं खेड्यांत गेले तेव्हां दोघेंच होतीं खरीं. परंतु त्यांनीं गांवोगांवच्या बायकांना आरोग्याचें शिक्षण देऊन आपलें मनुष्यबळ तेथल्या तेथें निर्माण केलें.

जपानांत १९७२ पासून जिची नांवाचें एक वैद्यकीय विद्यापीठ आहे. प्रत्येक प्रांतांतून मुलें निवडून तेथें पाठवितात; परत आल्यावर त्यांनीं नऊ वर्षें आपल्याच प्रांतांत नेमून दिलेल्या जागीं काम केलें म्हणजे फी माफ होते. त्यांतील खुबी नऊ वर्षांच्या सक्तीपेक्षां ‘आपल्याच प्रांतांत’ या शब्दांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं केलेल्या शिफारशींतही खेड्यांतील मुलांना प्रवेश, खेड्यांत शिक्षण, राहण्याची चांगली सोय आणि वरिष्ठांचा आधार यांवर भर आहे.

तेव्हां माझें म्हणणें असें कीं, रात्रीच्या कठीण रोग्यांसाठीं तालुक्यांत एकच रुग्णालय निवडावें, आणि तेथें पांच-सहा डॉक्टर, त्यांत एक भूलतज्ज्ञ, एकत्र ठेवावे. पाळ्या ठरलेल्या, बदल्या नियमानें, घरें नीट बांधलेलीं. खेड्यांतील केंद्रांत याच डॉक्टरांपैकीं दोघांनीं दिवसाचें काम पाहावें. यांत तोटा आहे, तो लपवीत नाहीं: रात्रीं वडीगोद्रीच्या रोग्यास अंबडपर्यंत जावें लागेल. पण २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि जवळच्या कुलुपबंद खोलीपेक्षां दूरचा जागा डॉक्टर बरा. दूरध्वनीवरून सल्ला देणारी ई-संजीवनी ही सोयही आतां झाली आहे; ती उपयोगी आहे, परंतु रक्त वाहत असलेल्या बाळंतिणीच्या उशाशीं ती बसूं शकत नाहीं.

जालन्याच्या महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०३० च्या सुमारास अभ्यासक्रम व उमेदवारी संपवून बाहेर पडेल. त्या मुलांपैकीं चौघें-पांचजणें एकमेकांचीं मित्र म्हणून अंबड तालुक्यांत एकत्र नेमून घेतां येतील कीं नाहीं, हें आतांच ठरवावयास हवें. घरें बांधावयास तेवढा वेळ लागतोच. आणि त्यांतील कोणी आपल्या घरचें निघालें, तर पंगतींत काय बोलावयाचें याची तयारीही आपण त्याच वेळांत करूं शकूं.