मरहूमांच्या नावानं फंड : लेकरांचा इलाज अर्ध्यावर तुटू नये म्हणून

सप्टेंबर महिना जगभर बालकर्करोग जागृतीचा महिना म्हणून पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत. रोग तोच आहे. फरक पडतो तो उशिरा झालेल्या निदानामुळे, औषधं न मिळाल्यामुळे आणि इलाज मध्येच सुटल्यामुळे.

आपल्या अकोल्याचंच पाहा. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर. त्याच्या नेहमीच्या प्रकाराचा इलाज दोन-तीन वर्षं चालतो. मुंबईचं टाटा हॉस्पिटल इथून पावणेसहाशे किलोमीटर. महात्मा फुले जनआरोग्य योजना इलाजाचा मोठा भार उचलते. रेल्वेच्या स्लीपरमध्ये पेशंटला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. पण मुंबईत राहायचं कुठं? हातगाडी बंद ठेवून गेलेल्या बापाची रोजची कमाई कोण भरून देणार? घरी राहिलेल्या लेकरांचं काय? मग मूल जरा खेळायला लागलं की 'आता बरं झालं' म्हणून पुढची तारीख चुकवली जाते, आणि तिथंच घात होतो.

टाटा हॉस्पिटलसुद्धा एका आठवणीतूनच उभं राहिलं आहे. १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियानं वारल्या. पती सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये त्यांच्या नावानं या रोगाच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला आणि १९४१ मध्ये टाटांच्या ट्रस्टनं परळला हे हॉस्पिटल सुरू केलं. पुढे २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया ही संस्था बाहेरगावच्या कॅन्सरग्रस्त मुलांना आईबापासह मोफत राहायला जागा देऊ लागली. म्हणजे दवाखान्याइतकीच छपराचीही गरज असते, हे ओळखणारे लोक आहेत.

आपल्याकडे कुणी गेलं की ईसाल-ए-सवाबसाठी चाळीसाव्याला देगी चढतात. त्यातला एक हिस्सा मरहूमांच्या नावानं अशा फंडात गेला तर? मोठी इमारत नको. येण्या-जाण्याचा, राहण्याचा, घरच्या रेशनचा खर्च आणि तारखेची आठवण करून देणारा एक जबाबदार माणूस, एवढं पुरे. जकात मात्र हकदार घराच्या हातातच पोहोचली पाहिजे. म्हणून जकात आणि नफली सदका यांचे हिशोब वेगळे ठेवावेत, मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारून घ्यावं आणि दरवर्षी जमातीसमोर हिशोब मांडावा. मदत घेणाऱ्या लेकराचा फोटो मात्र कुठंही टाकू नये.

देगीचं जेवण एका दिवसात संपतं. बरं झालेलं लेकरू आयुष्यभर त्या मरहूमासाठी दुआ करील.