माखलेला ओव्हन

उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावी ज्या घरांत विजेचा ओव्हन आला आहे, तेथे दिवाळीची नानकटाई आटोपताच आतील काळ्या पुटाचा प्रश्न उभा राहतो. हे पूट निव्वळ मळ नव्हे; उडालेले तूप-तेल वारंवार तापून राळेसारखे घट्ट झालेले असते. सुरीने खरवडल्यास पुटाआधी आतील मुलामाच निघावयाचा. त्याऐवजी प्लग काढून, ओव्हन पूर्ण निवल्यावर, खाण्याच्या सोड्याचा पाण्यात कालवलेला दाट लेप द्यावा. तापणाऱ्या सळ्यांना मात्र तो लागू देऊ नये. रात्रभर ठेवून सकाळी ओल्या फडक्याने पुसावे.

कॉस्टिक सोड्याने काम झटपट होते खरे, कारण त्या क्षाराने तेलाचा साबणच बनतो. परंतु तो अॅल्युमिनियमचे तबक खातो, कातडी भाजतो, डोळ्यांत गेल्यास दृष्टीही घालवतो. घरात रांगती मुले असता तो वाटीत कालवून ठेवण्याचे धाडस आम्हांस तरी मान्य नाही. काही भगिनी ब्लीचिंगच्या पाण्यात व्हिनेगर मिसळतात. त्यातून सुटणारा क्लोरीन म्हणजे १९१५ साली बेल्जममधील ईप्रच्या रणांगणावर सोडलेला विषारी वायूच होय!

पुसून झाल्यावर दार उघडे ठेवावे, आणि आतील ओल पुरती वाळल्यावाचून प्लग लावू नये.