भात घरात येण्याआधी बिळं बुजवा

भोर-वेल्ह्याच्या बंधुभगिनींनो,

भात कापणीला आलं. इंद्रायणी पिवळी पडली, खळी सारवायची वेळ झाली. थोड्याच दिवसांत खाचरं मोकळी होतील. शिवारात दाणा उरणार नाही, रात्री गारठा वाढेल. बांधातले उंदीर आणि घुशी मग कुठे जातील? जिथे ऊब आहे, जिथे पोत्यांची थप्पी आहे, तिथे. म्हणजे तुमच्या घरात.

म्हणून आजच घराभोवती एक फेरी मारा. वाकून बघा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत शिरतो, मोठ्याला अर्धा-पाऊण इंच पुरतो. दाराखाली बघा, मोरीच्या तोंडाशी बघा, वायरीच्या भोकात बघा, कौलं भिंतीवर टेकतात तिथे बघा. नुसत्या मातीनं लिंपू नका, रात्रीत उकरतील. खडी घालून सिमेंट भरा. मोरीला जाळी बसवा. दाराला खालून पत्र्याची पट्टी ठोका.

उंदीर फक्त धान्य खाऊन थांबत नाही. त्याच्या मुतातून लेप्टो पसरतो. मूत मिसळलेल्या चिखल-पाण्यात काम करताना पायाच्या भेगेतून, हाताच्या जखमेतून हा आजार शरीरात शिरतो. ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंड निकामी होतं, जीवही जातो. ताप अंगावर काढू नका. आरोग्य केंद्रात जा आणि घरात उंदीर आहेत, चिखलात काम केलंय, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

उंदरामागून साप येतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. कधी कधी दंश झाल्याचं कळतही नाही. लेकरांना, म्हाताऱ्यांना खाटेवर झोपवा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. 108 ला फोन करा, दवाखाना गाठा. आणि धामण दिसली तर मारू नका. ती बिनविषारी आहे, उंदीर खाते.

पोती जमिनीवर टेकवू नका. फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. खायचं धान्य पत्र्याच्या कोठीत भरा. पेंढ्याची गंजी घराला लागून रचू नका. रात्री खरकटं ठेवू नका. लेंड्या कोरड्या झाडू नका; आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा, मग पुसून घ्या. मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका, खोल पुरा.

आणि विष? घरात नकोच. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. विष लावलेला भजी-भाकरीचा तुकडा रांगतं पोर सहज तोंडात घालतं. पिंजरा लावा, तेवढा पुरतो.

पण एकट्या घरानं हे होणार नाही. तुम्ही बिळं बुजवाल आणि शेजारचं घर वर्षभर कुलूपबंद असेल, तर उंदीर तिथे वाढतील आणि तुमच्याकडे येतील. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आपल्या माणसांनो, हे तुम्हालाही सांगणं आहे. दिवाळीला याल तेव्हा माळा रिकामा करा, जुनी पोती काढा, फटी भरून घ्या. येणं जमत नसेल, तर भावकीत कुणाला तरी किल्ली द्या.

गावातल्यांनो, येत्या रविवारी घमेलं आणि थापी घेऊन बाहेर पडा. आळीतल्या प्रत्येक घराला हाक मारा. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, त्या घराची बिळं सगळ्यांत आधी बुजवा.