घाटरस्ता कोणाचा?

सह्याद्रीच्या एखाद्या घाटात भल्या पहाटे उभे राहिले, तर एक दृश्य पुष्कळदा नजरेस पडते. धुक्यातून एक सायकल हळूहळू वर येत असते. स्वाराचे अंग पुढे झुकलेले असते, कपाळावरून घाम निथळत असतो. परंतु पाय काही थांबत नाहीत. इतक्यात मागून मालाने लादलेला ट्रक कर्णा वाजवीत येतो. स्वार आपली सायकल अगदी कडेला, कठड्याजवळ घेतो आणि जीव मुठीत धरून उभा राहतो. ट्रक निघून जातो, धूर विरतो आणि स्वार पुन्हा चढू लागतो. हे दृश्य पाहून विचारी माणसाच्या मनात एक प्रश्न आल्यावाचून राहत नाही. हा रस्ता कोणाचा? जो वेगाने जातो त्याचाच, की जो सावकाश जातो त्याचाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी तो डोंगर कसा घडला, हे पाहिले पाहिजे. सह्याद्री हा अग्नीतून जन्मलेला पर्वत आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा वाहू लागला. जपानमधील फुजीसारखा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी येथे दिसत नाही. कारण लाव्हा एका तोंडातून उसळला नाही, तर दूरवर पसरत गेला. एक थर निवाला की काही काळाने त्यावर दुसरा थर पसरे. अशा थरांवर थर साचून आपला काळा कातळ तयार झाला. थरांच्या कडा झिजल्यामुळे डोंगराला पायऱ्यांसारखा आकार आला. म्हणूनच भूगर्भशास्त्रज्ञांनी या खडकाला ‘ट्रॅप’ असे नाव दिले. मूळ स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ जिना असा होतो.

मोटारीत बसून घाट चढणाऱ्याला हा जिना कळत नाही. यंत्र त्याला उचलून नेते. सायकलस्वाराला मात्र तो पायांनी कळतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारा स्वार सुमारे १,३०० मीटर उंची आपल्या बळावर चढतो. तासाला सात-आठ किलोमीटर या गतीने चालले असता त्याला सारे काही दिसते. कोठे काळ्या कातळाचा उभा कडा लागतो. कोठे दोन थरांच्या मधोमध तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खडकाची झीज होऊन ती माती झालेली असते. माथ्यावर पोचताच जांभा दगड दिसू लागतो आणि चाकांना तांबडी धूळ लागते. सावित्री नदी येथून पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते आणि दूर बंगालच्या उपसागराला जाते. पुस्तकात वाचलेला जलविभाजक तेथे प्रत्यक्ष डोळ्यांसमोर उभा राहतो. भूगोलाचा असा धडा दुसऱ्या कोणत्या वर्गात मिळणार?

आता रस्त्यांचा इतिहास पाहू. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, नाणेघाटातून व्यापारी कोकणात उतरत. ती वाट माणसांच्या आणि ओझ्याच्या जनावरांच्या पायांसाठी होती. पुढे १८३० साली बोरघाटात गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला. त्यानंतर हळूहळू इतर घाटही चाकांना मोकळे होत गेले. त्या काळी मोटारी नव्हत्या. भरलेली गाडी बैलांना ओढता आली पाहिजे, हा विचार करून रस्त्याची चढण ठरवावी लागे. म्हणूनच जुन्या घाटांतील रस्ते एकदम वर धावत नाहीत. नागमोडी वळणे घेत, डोंगराशी जुळवून घेत ते चढतात. बैलाची शक्ती मोजून आखलेला हा चढ माणसाच्या पायांनाही सोसतो. मग सायकलस्वार हा या रस्त्यावरचा उपरा कसा म्हणावा? तो तर गाडीवानाचा वारस होय.

बोरघाटात शिंगरोबाचे एक लहानसे देऊळ आहे. त्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. लोहमार्ग कोठून न्यावा, हे साहेबांच्या इंजिनियरांना उमजेना, तेव्हा गुरे राखणाऱ्या शिंगरोबा धनगराने त्यांना वाट दाखवली, असे लोक सांगतात. १८६३ साली त्या घाटातून आगगाडी धावू लागली. पण त्यासाठी अनेक मजुरांनी आपले प्राण वेचले. आख्यायिकेत इतिहास किती आणि कल्पना किती, हा प्रश्न वेगळा. तिच्यातील मर्म मात्र खरे आहे. जो डोंगरातून सावकाश हिंडतो, त्यालाच डोंगराची वाट ठाऊक असते.

असे असूनही आज घाटरस्ता वेगवान वाहनांच्या सोयीनेच बदलला जातो. रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराचा पायथा तोडला जातो. पायथा तुटला की वरचा उतार आधाराविना राहतो. पावसाळ्यात थरांच्या भेगांत पाणी मुरते, मऊ माती सैल होते आणि दरड कोसळते. वेगाच्या हव्यासाची किंमत अशी डोंगरालाही मोजावी लागते आणि प्रवाशालाही.

यावर कोणी म्हणेल, ‘जग पुढे चालले आहे. सायकलीसाठी सर्वांनी थांबावे काय?’ हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. आजारी माणसाला रुग्णालयात नेणाऱ्या गाडीला वेग हवाच. शेतकऱ्याची भाजी सुकण्यापूर्वी बाजारात पोचायलाच हवी. परंतु वेगवान वाहनांसाठी आता नवे मार्ग तयार झाले आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. त्यावर सायकलीला मज्जाव आहे. कशेडी घाटाखालच्या बोगद्यातून २०२३ साली वाहने जाऊ लागली. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरांचा बोगदा २०२५ साली वाहतुकीला मिळाला. वेगवानांना त्यांचा रस्ता मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. मग जेथे असा नवा मार्ग झाला आहे, तेथे जुना घाट तरी सावकाश जाणाऱ्यांसाठी राखून ठेवणे न्यायाचे नव्हे काय?

हे काम फार अवघड नाही. अशा जुन्या घाटांतून अवजड वाहनांना बंदी करावी. आठवड्यातून निदान एक दिवस, रविवारी सूर्योदयापासून नऊ वाजेपर्यंत, रस्ता सायकलस्वारांना व पादचाऱ्यांना मोकळा असावा. खचलेले कठडे वेळेवर दुरुस्त व्हावेत. चढाच्या मध्यावर पिण्याचे पाणी आणि सावलीची एखादी जागा असावी. डोंगर आणखी तोडू नये. ज्या घाटांना दुसरा मार्ग नाही, तेथे निदान सायकलीपुरती कडेची पट्टी आखून द्यावी.

‘मूठभर सायकलस्वारांसाठी एवढा खर्च कशाला?’ असाही प्रश्न विचारला जाईल. पण जुना घाट केवळ हौशी स्वारांचा नाही. घाटातल्या वाडीवरचा दूधवाला, शाळेला जाणारी मुले आणि मेंढरे घेऊन निघालेला धनगर यांचीही ती रोजची वाट आहे. शिवाय बोगदा काही कारणाने बंद पडला, तर हाच जुना रस्ता उपयोगी पडतो. तो नीट राखणे हे दूरदृष्टीचेच काम ठरेल. आणि स्वार मूठभर आहेत, ते तरी का? वाट सुरक्षित नाही म्हणूनच ना? वाट निर्धोक झाली, तर स्वारही वाढतील.

अर्थात हक्क मागणाऱ्याने आपले कर्तव्यही ओळखले पाहिजे. घाट चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे असते. सायकलीचा वेग दुप्पट झाला, तर ती थांबवण्यासाठी चौपट अंतर लागते, हा निसर्गाचा नियम आहे. म्हणून उतारावर शर्यत लावू नये. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक तपासावेत, डोक्यावर शिरस्त्राण घालावे आणि धुक्यात दिवा लावावा. वळणावर आपली बाजू सोडू नये. मुसळधार पावसात, दरडी कोसळण्याच्या दिवसांत, घाटात जाण्याचे धाडस करू नये. लहान मुलांनी तर वडीलधाऱ्यांच्या सोबतीशिवाय घाटात पाऊल टाकू नये. खाऊचे कागद आणि रिकाम्या बाटल्या दरीत फेकणाऱ्याला सह्याद्रीचा मित्र म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवण्याची प्रथा पडली. तो मान मोठाच आहे. परंतु घाटाचे राज्य एका राजाचे नसते. त्यात सर्वांत शेवटी माथ्यावर पोचणारा असतो, मध्येच उतरून सायकल हाताने ढकलणारा असतो आणि डोक्यावर भारा घेऊन चालणारी मोळीवालीही असते. वेगवानाने या सर्वांना जागा दिली पाहिजे. सार्वजनिक रस्ता हा सर्वांच्या मालकीचा असतो, आणि जो दुबळा असेल त्याची काळजी तेथे आधी घ्यावी लागते.

एवढे केले, तर पहाटेच्या धुक्यातून वर येणाऱ्या त्या स्वाराला कठड्याला चिकटून उभे राहावे लागणार नाही. तो आपल्या गतीने माथा गाठील, सायकल टेकवून खाली पाहील आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी अग्नीने रचलेल्या त्या पायऱ्या एकेक करून मोजील.